माळाला लागलेली खरूज

"लांब सरका समदे! पिसाळलंय ते, चावल!"

भीमसिंग आडे गोठ्याच्या तोंडाशी काठी उगारून उभा होता आणि त्याच्या पाठीमागे अर्धा तांडा गोळा झाला होता. आत, कडब्याच्या पेंढ्यांच्या आडोशाला, म्हशीच्या पोटाला जवळजवळ खेटून एक जनावर अंग मुडपून बसलं होतं. ते नेमकं काय आहे हेच कोणाला उमगत नव्हतं. अंगावर केसाचं नाव नाही. कातडी राखी रंगाची, जाड, तळ्यातल्या वाळलेल्या गाळासारखी भेगाळलेली. डोळे चिपडांनी लिंपलेले. शेपटीच्या जागी नुसती दोरी.

"डुकराचं पिल्लू असंल," कोणीतरी म्हणालं.

"डुकराला असं निमुळतं तोंड असतं व्हय?"

"मंग कुत्रं. पण आपल्या तांड्याचं न्हाई."

निलमने गाडी रस्त्यावरच लावली आणि गर्दीतून वाट काढत ती आत आली. अंगावर खाकी वर्दी होती. तिने वाकून त्या जनावराचे कान पाहिले, पाय पाहिले.

"काठी खाली घ्या," ती म्हणाली. "कोल्हा हाये त्यो."

भीमसिंग हसलाच. "माझी उमर गेली कोल्हे हाकलण्यात. मला कोल्हा वळखू येत न्हाई व्हय? अन् कोल्हा काहून येईल दिवसाउजेडी, माणसाच्या गोठ्यात?"

"थंडी वाजून राहिली त्याला, बापू. अंगावर केसच न्हाईत. म्हशीची ऊब घ्यायला आलाय. खरूज झाली त्याला."

खरूज म्हटल्यावर गर्दी आपोआप चार पावलं मागे सरली.

निलम ही भीमसिंगची थोरली लेक. खैरमाळ तांड्यातून वनखात्यात लागलेली पहिली मुलगी. भरतीच्या वेळी हिंगोलीच्या मैदानावर उन्हात धावताना तिच्या पायातला बूट फाटला होता आणि ती तशीच धावली होती, हे भीमसिंग अजून पुसेगावच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचा. पहिली काही वर्षं औंढ्याकडच्या डोंगरात काढून तिने मागच्या साली अर्ज करून बदली घेतली होती, ती याच माळासाठी. बापाचे गुडघे गेले होते, आई पारुबाई एकटीच शेत ओढत होती. नवरा देविदास एसटीत कंडक्टर, हिंगोलीला खोली करून राहायचा. सुट्टीला तो इकडे यायचा, नाहीतर ती तिकडे जायची. माळ म्हणजे तिचं लहानपण होतं. खैर, हिवर, पळस, बोरी, तरवड, आणि संध्याकाळी दिवेलागणीला एका टेकाडावरून सुरू होऊन दुसऱ्या टेकाडावर संपणारी कोल्हेकुई. ती ऐकून पारुबाई भाकरीचा तवा चुलीवर ठेवायची. तांड्याला घड्याळाची गरज नव्हती.

निलमने पोतं टाकून तो कोल्हा उचलला. त्याने चावायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. वजन एखाद्या कोंबडीएवढं भरलं असतं.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉ. संध्या घुगे होत्या. त्यांनी टेबलावर कोल्ह्याला सलाईन लावायची तयारी केली, पण शीर सापडेपर्यंत त्याचा श्वास थांबला. डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले नाहीत. पात्याने त्याच्या कानाची खपली खरवडली, काचेवर घेतली, थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"बघ."

निलमने डोळा लावला. आधी काहीच दिसेना. मग धुरकट उजेडात गोल, काटेरी, आखूड पायांचं काहीतरी हललं. त्याच्या शेजारी दुसरं. त्याच्यापलीकडे कितीतरी.

"एवढंसं?" ती म्हणाली.

"एवढंसंच. कातडीत बोगदे खणतात, आत अंडी घालतात. जनावर खाजवून खाजवून वेडं होतं. केस जातात, झोप जाते, शिकार करायची ताकद जाते. थंडीत मरतं."

"पण मॅडम, आमच्या माळावर आधी कधी असं पाहिलं न्हाई."

"आधीही असणारच. परजीवी म्हणजे काही पाप नाही गं. एखादा म्हातारा, अशक्त जीव ते उचलतात, बाकीचे तगतात. रान असंच चालतं. पण हा तर जवान होता, दात बघ त्याचे. याला कुठेतरी गर्दीत लागलंय. एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या. आजूबाजूला कुत्र्यांना आहे का?"

निलमला त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. तांड्यापासून हाकेच्या अंतरावर, वनाच्या हद्दीला लागून, एक जुनी दगडाची खदान होती. तिथे पोल्ट्रीच्या मेलेल्या कोंबड्या आणि आसपासच्या गावांतल्या चिकनच्या दुकानांचे पिसं-आतडी येऊन पडत. वास पार पुसेगावच्या रस्त्यापर्यंत जायचा. निलम पळसाच्या आडोशाला बसून राहिली. खदानीत पंचवीस-तीस कुत्री होती. बसून खाजवणारी, दगडाला पाठ घासणारी, मांड्यांवरचे केस गेलेली. आणि त्यांच्यातच, अंग चोरून, माळावरचे कोल्हे. जे कोल्हे एरवी कुत्र्याचा वास आला तरी नाल्यात उतरत, ते आता त्यांच्याच पाटावर जेवत होते. एक मादी खाता खाता थांबली, मागच्या पायाने मान खाजवत राहिली, खाजवत राहिली, आणि तिच्या तोंडासमोरचा कोंबडीचा तुकडा कुत्र्याने उचलून नेला तरी तिचं खाजवणं थांबलं नाही.

निलमच्या हातावरही पुरळ आलं होतं. पारुबाईने त्यावर कडुलिंबाचा पाला वाटून लावला आणि बडबडत राहिली, "असल्या जनावराला हात लावतं व्हय कोणी? लेकरू व्हायचंय तुला अजून."

"याडी," निलम आईला म्हणाली, "चार दिवसांत जातंय ते. माणसाच्या अंगात न्हाई टिकत."

"कोल्हा मेला तर मेला. माझं करडू नेलं व्हतं त्यानं."

"एक करडू नेलं. तेही पाच-सात वर्षांखाली."

"नेलं ना पण?"

तालुक्याच्या ऑफिसात वनक्षेत्रपाल साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला आला होता, टेबलावर फायलींचा ढीग होता आणि जिल्ह्यात अर्ध्या जागा रिकाम्या होत्या.

"खदान कोणाच्या जागेत आहे?"

"महसूलच्या, साहेब. पण हद्द लागूनच..."

"लागून म्हणजे आपली नाही. मी तहसीलला पत्र देतो."

"आणि कोल्ह्यांना औषध?"

"वन्यप्राण्यावर उपचार करायचा तर वरून परवानगी लागते. ती मागतो. पण आडे, एक सांगू? रानात आजार येतात, जातात. आपण प्रत्येक ठिकाणी हात घालायचा नसतो. निसर्ग आपलं बघून घेतो."

"कोंबड्यांची आतडी निसर्गानं टाकली न्हाईत, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "म्हणूनच म्हटलं, पत्र देतो."

पत्र गेलं. निलमने वाट पाहिली. मग ती स्वतःच पोल्ट्रीवाल्या दिपककडे गेली. खालच्या गावचा तो तरणा माणूस. त्याने तिला खुर्ची दिली, चहा मागवला, पंखा तिच्याकडे फिरवला.

"मॅडम, माझे मेलेले पक्षी किती पडतात? घमेलंभर. बाकी समदं दुकानवाल्यांचं हाये. त्यांना आधी इचारा."

"दुकानवाले तुमचं नाव सांगतात."

"सांगणारच की!" तो मनापासून हसला. "आपुन गाडायला तयार हावोत. पण खड्डा खणून दावा तुमी या माळात. हातभर खाली काळा पाषाण. जेसीबी लावू म्हनता? अन् मॅडम, बुरा मानू नका, पण कोल्ह्यासाठी जेसीबी लावला म्हणून सांगितलं तर गाव हसंल मला."

ती चहा पूर्ण न पिताच उठली. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला त्याच्यावर धड रागावताही आलं नाही. ज्याच्याकडे जावं त्याच्याकडे आपलं एक बरोबर कारण होतं. सगळ्यांची कारणं बरोबर होती आणि माळावर कोल्हे मरत होते.

डॉ. संध्यांनी तिला गोळ्यांची एक पिशवी दिली. "हे मी दिलं नाही आणि तू घेतलं नाहीस. मांसात घालून ठेव. एक गोळी एका जनावराला पुरते. पण कुत्र्यांच्या आधी कोल्ह्यांनी खाल्लं पाहिजे, ते कसं करशील ते तूच बघ."

निलमने जमेल ते केलं. कोल्ह्यांच्या वाटा तिला माहीत होत्या. नाल्याच्या कपारी, हिवराच्या जाळ्या, जुन्या बांधाची भगदाडं. तिथे तिने दिवस कलता कलता मांसाचे तुकडे ठेवले आणि दूर बसून राहिली. कोल्हे आले नाहीत. कुत्री आली. वासावर नाक टेकत एकामागून एक, जणू तिनेच त्यांना आमंत्रण दिलं होतं. तिने दगड मारले, ओरडली. ती लांब पळत आणि तिची पाठ वळली की परत येत. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्याही.

पंधरवड्यात तांड्याची कुत्री चकचकीत दिसायला लागली. अंगावर मऊ लव आली, खाजवणं बंद झालं. पारुबाईच्या दारातलं भुरं कुत्रं तर पुन्हा पिल्लासारखं शेपटीमागे गोल फिरायला लागलं. देविदास सुट्टीवर आला तेव्हा त्याने ते पाहिलं, गोष्ट ऐकली आणि पोट धरून हसला.

"वनरक्षक हायेस का कुत्रारक्षक?"

निलमही हसली. मग एकाएकी तिने हातातली पाण्याची कळशी इतक्या जोराने आपटली की तिला पोचा पडला. देविदासने ती उचलून बाजूला ठेवली. मग तो म्हणाला, "कुत्री बरी झाली म्हणजे निदान त्यांच्यापासून तरी पुढं लागायचं न्हाई."

"तांड्याची झाली. खदानीत रोज नवी येऊन राहिली. अन् कोल्हे?"



पौषात थंडी कडाक्याची पडली आणि कोल्हे एकेक करून सापडायला लागले. रस्त्याच्या मोरीत एक. तुरीच्या ओळीत एक. जुन्या पंपाच्या खोलीत, मोटारीच्या उबेला, दोन एकत्र. खदानीत मान खाजवत राहिलेली ती मादी निलमला नाल्यात दिसली, पाणी प्यायला तोंड लावलेल्या अवस्थेतच गेलेली. निलम प्रत्येक वेळी फोटो काढायची, वर पाठवायची, दगडाखाली पुरायची. ‘पोहोचले’ एवढंच उत्तर यायचं.

मग संध्याकाळची कोल्हेकुई बंद झाली. सुरुवातीला कोणाच्या ध्यानात आलं नाही. एक दिवस पारुबाईच म्हणाली, "भाकरीला येळ झाला का गं आज? अजून वरडले न्हाईत." आणि मग आपणच चुलीकडे वळली.

त्या हिवाळ्यात बोरी लगडल्या होत्या. एरवी कोल्हे रात्रीतून खाली पडलेली बोरं साफ करत आणि बिया माळभर टाकत फिरत. या साली झाडांखाली बोरं कुजून त्यांचा आंबट वास सुटला. माळावर वेगवेगळ्या जागी दिसणारी त्यांची पावलं दिसेनाशी झाली. त्यांच्या जागी बांधाबांधाला लहान लहान भोकं दिसायला लागली. आधी थोडी. मग चाळणीसारखी.

उंदीर हरभऱ्यात घुसले. घाटे भरायच्या ऐन वेळी. सकाळी शेतात जावं तर झाडं बुडाशी कातरून आडवी पडलेली आणि बिळांच्या तोंडाशी घाट्यांच्या टरफलांचे ढीग. हळदीतल्या ठिबकच्या नळ्या कुरतडून त्यांनी जागोजाग कारंजी केली. माणसं गव्हाच्या रानात उतरायला कचरू लागली, कारण उंदरांच्या मागोमाग साप आले. पारुबाईने सरपणाला हात घातला तर आत घोणस फुत्कारली. ती दिवसभर अंगणात बसून राहिली, घरात शिरेना.

भीमसिंग गुडघे धरून बांधावर बसला होता. समोर त्याचा अर्धा हरभरा झोपलेला.

"तुझी कोल्ही असती तर काय एवढे उंदीर खाल्ले असते त्यांनी?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून निलमला ते जास्त लागलं.

"मला वाटतंय, खाल्ले असते."

"वाटतंय?"

"सगळं कसं सांगू, बापू? कोल्हा रात्रभर उंदरंच येचत फिरतो. त्यो गेला, यांना मोकळं रान झालं. असं मला वाटतंय. कृषी सहायक म्हणतात पाऊस चांगला झाला, सोयाबीनचा काड रानात तसाच राहिला, म्हणून उंदीर झाले. तेही खोटं न्हाई. मी कशानं शाबीत करू?"

"मंग शाबीत होईस्तोवर माझा हरभरा थांबतो व्हय?"

तांड्यात एकाने औषध आणलं, मग सगळ्यांनी आणलं. ज्वारी, गूळ, गोडं तेल आणि ती काळी भुकटी. निलम दारोदार फिरली. उघड्यावर टाकू नका, बिळात टाका, बीळ चिखलानं लिंपा, सकाळी मेलेले उंदीर गोळा करून गाडा. लोकांनी माना डोलावल्या. घरी ती बापाच्या पाया पडायचीच बाकी राहिली.

"बापू, तू टाकू नको. जरा थांब. मी पिंजरे मागवते."

"किती पिंजरे? माळाला पुरतील का?"

"रानात मोर उतरतात सकाळी. तित्तर हायेत."

भीमसिंगने तिच्याकडे बघितलं. "मी बिळातच टाकीन," तो म्हणाला. "शपथ."

त्याने खरंच बिळात टाकलं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तो गुडघ्यांवर सरकत एकेका भोकात मूठभर दाणे सोडत, चिखल थापत गेला. पण भोकं संपेनात. संध्याकाळी पाय इतके सुजले की उठता येईना. दुसऱ्या दिवशी त्याने उरलेली ज्वारी बांधावर फेकली आणि घरी आला. पारुबाईला म्हणाला, "झालं."

मोर उजाडताच आले. माळावरून उतरून बांधावर, रोजच्यासारखे. पिकं राखायला चाललेल्या एका माणसाला ते दिसले, निळ्या माना मातीत टेकलेले, पिसारे कडेला पसरलेले. एक लांडोर अजून पंख आपटत होती. त्याने ते मोबाईलवर घेतलं आणि निलम अंघोळीला पाणी तापवत होती तेवढ्यात ते साऱ्या तालुक्यात पोहोचलं.

साहेबांचा फोन आला. आजवर तिच्या एकाही फोटोवर इतक्या लवकर फोन आला नव्हता.

"आडे, जागा कुठली? कोणाचं शेत? आजच्या आज गुन्हा दाखल झाला पाहिजे. वरून विचारणा झाली आहे."

"माझ्या वडलांचं शेत हाये, साहेब."

साहेब काही बोलायच्या आत ती पुढे बोलू लागली.

"साहेब, दोन महिन्यांत माळावरचे सगळे कोल्हे मेले. मी एकेकाचा फोटो पाठवला. तेव्हा वरून कोणी विचारलं न्हाई. हे त्यातूनच झालं."

"मला माहीत आहे," साहेब थकलेल्या आवाजात म्हणाले. "पण खरजेवर गुन्हा दाखल करता येतो का? कलम सांग, मी करतो." आणि मग, "तू यात राहू नकोस. धम्मानंदला पाठवतो."

धम्मानंद पलीकडच्या बीटचा वनरक्षक. तिच्याच बॅचचा, भला माणूस. तो येईपर्यंत बांधावर तांडा जमला होता. डॉ. संध्याही आल्या होत्या, पक्ष्यांची पोटं तपासायला. प्रत्येकाच्या पोटात काळपट ज्वारी निघत होती. लोक भीमसिंगच्या कानाशी लागत होते.

"समद्यांनीच टाकलं हाये. तू एकट्याचं काहून वढवून घेतो?"

"शेजारच्या रानातून वाऱ्यानं आलं म्हण."

"मोर कुठं खाऊन आला, कोणाला ठावं?"

भीमसिंग काठी टेकत पुढे आला. निलम बाजूला उभी होती. तिच्या अंगावर वर्दी होती आणि आज त्या वर्दीला काहीच काम नव्हतं. तिला वाटलं, त्याने खोटं बोलावं. एकदाच. तिला वाटलं आणि त्याच क्षणी तिला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त राग त्या खदानीचा, पत्रांचा, दिपकच्या चहाचा, त्या काचेवर हलणाऱ्या एवढ्याशा काटेरी जिवाचा आला. त्या जिवाला काही कळत नव्हतं. तो नुसता जगत होता.

"काका," धम्मानंद अवघडून म्हणाला, "औषध तुमी टाकलं का? नीट आठवून सांगा."

त्याने ‘नीट आठवून’ हे शब्द मुद्दाम वापरले होते. तेवढी फट त्याने ठेवली होती. सगळ्यांना ती दिसली.

"आठवायचं काय त्यात?" भीमसिंग म्हणाला. "माझ्या हातानं टाकलं. पहिलं बिळात टाकलं. मंग पाय दुखायला लागले तर बांधावर फेकलं. पोरीनं नको म्हणलं व्हतं. तिला यात काही इचारू नका. लिहा तुमी."

पारुबाईने पदर तोंडाला लावला.

"बापू," निलम म्हणाली, "थोडं दम धरून बोलला असतास."

"काय बोलायचं व्हतं, बाई? तू त्या उघड्या कोल्ह्याला पोत्यात घालून नेलं तवा मी हसलो तुला. आता मोर मेल्यावर मी दुसऱ्याचं नाव सांगू?"

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात हजर करायचं होतं. जामीन होईल, असं धम्मानंद म्हणत होता. देविदास हिंगोलीहून वकील बघून निघाला होता. आता उरलं होतं ते पक्ष्यांना जाळायचं काम, जागेवरच, सगळ्यांसमक्ष, एकही पीस मागे राहू नये म्हणून.

लाकडं हवी होती. कोणी हलेना, कारण मोराची चिता रचायला कोणाचा हात धजेना. मग भीमसिंगच उठला. धम्मानंदने त्याला अडवलं नाही. तो लंगडत गोठ्यापर्यंत गेला आणि सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन आला. ती उतरवायला निलम पुढे झाली. बापलेकींनी मिळून लाकडं रचली. तिने मोर उचलून एकेक वर ठेवले, पिसारे सावरून, जसे ते जिवंतपणी सावरत असतील तसे. वजनाने ते भारी होते. भरल्या पोटी मेलेले.

डॉ. संध्या गाडीपाशी जाऊन थांबल्या होत्या. जाताना त्या निलमला म्हणाल्या, "मी उद्या तहसीलदारांना भेटते त्या खदानीचं. आता मोर मेलेत, आता ऐकतील."

"आता कोल्हे न्हाईत, मॅडम," निलम म्हणाली.

डॉक्टरबाई गाडीत बसून निघाल्या.

धम्मानंदने काडी लावली. पिसं आधी पेटली. निळा, हिरवा, सोनेरी, सगळं एका भपक्यात गेलं आणि मागे जळक्या केसांचा वास राहिला. लोक नाकाला पदर, रुमाल लावून एकेक करत पांगले. पारुबाई घराकडे वळली. ऊन उतरत होतं, माळावर कुठूनही कसलाही आवाज येत नव्हता.

भीमसिंग बांधावर बसला. निलम त्याच्या शेजारी बसली, वर्दीला माती लागेल याचा विचार न करता. दोघांच्या समोर विस्तव धुमसत होता.

तेवढ्यात बांधाच्या भोकातून एक उंदीर बाहेर आला. धूर, माणसं, आग, कशाचीच त्याला पर्वा नव्हती. तो भीमसिंगच्या सुजलेल्या पायाजवळून हरभऱ्यात गेला, एक भरलेला घाटा कातरून घेऊन आला आणि तिथेच, हातभर अंतरावर, मागच्या पायांवर बसून सोलायला लागला.

भीमसिंगची काठी त्याच्या मांडीवर होती. त्याने ती उचलली नाही.